घरात माणसं: एक

हरेश्वर गेल्याची बातमी आली तेव्हा मी पालघरला एका दुकानात फायबर केबलच्या ड्रमचा भाव पाडत बसलो होतो. दोनदा खुर्चीतून उठून दोनदा परत बसलो होतो, आणि तिसऱ्यांदा उठलो की दुकानदार खाली येणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात शिरगावहून जयवंतीबायचा फोन आला. हरेश्वरची थोरली बहीण. "वसंता, हरू गेला रे. सकाळी च्या पिऊन ओट्यावर बसला होता… बसल्या जागीच." मी फोन खिशात ठेवला. दुकानदार म्हणाला, "मग शेठ, काय ठरलं?" आणि त्याने अगदी सुरुवातीला सांगितलेल्या भावात मी माल घेतला. एवढ्या वर्षांच्या धंद्यात हे एकदाच घडलं. तो दुकानदार अजूनही मला बघितलं की जरा बिचकतो, यात माझी काही चाल असणार असं त्याला वाटतं.

शिरगावला पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. मला बघून दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांचं चूक नव्हतं. हरेश्वरशी मी सव्वा वर्ष एक शब्द बोललो नव्हतो. माझी त्याच्याविषयी तक्रार होती, आणि खरं सांगायचं तर थोडी अजूनही आहे. मेलेल्या माणसाविषयी सगळं गोड लिहायची रीत मला जमणार नाही. पण माझ्या उभ्या आयुष्यात ज्याच्यापुढे मान वर करून बघावं लागलं असा तो एकच माणूस होता, हेही तेवढंच खरं. म्हणून लिहितो आहे.

मी मूळचा वाणगावचा. वडिलांची मिरचीची वाडी होती, तिच्यात मन रमलं नाही. बोईसरला येऊन लोकांच्या गच्चीवर अँटेना फिरवायचं काम धरलं, मग केबल टीव्ही, मग इंटरनेट. आज सरावलीपासून शिरगावपर्यंत घरोघरी माझ्या वायरी आहेत. यातलं मला कुणी शिकवलं नाही आणि कुणी हातात दिलंही नाही. प्रत्येक खांबासाठी, प्रत्येक गच्चीसाठी भांडलो आहे. हरेश्वर तेव्हा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होता. वाफेचा दाब, टाकीतली पातळी, तापमान दाखवणारी जी यंत्रं असतात, ती खरं बोलताहेत की नाही हे बघणं त्याचं काम. त्याच कारखान्याच्या ऑफिसात मी वायर ओढत होतो. जिन्याखाली उभा राहून एक सडपातळ, काळासावळा माणूस बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मी वरूनच ओरडलो, "काय हवंय?" तो म्हणाला, "काय नाय. तुमी वायर मोटारीच्या केबलला चिकटून नेताय. संध्याकाळी मोटार चालू झाली का तुमचं चित्र हलंल." मी त्याला माझ्या धंद्यात नाक न खुपसण्याचा सल्ला दिला. संध्याकाळी मोटार चालू झाली आणि चित्र हललं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला शोधत गेलो. सुट्टीच्या दिवशी माझं काम करशील का विचारलं आणि सवयीने एक आकडा सांगितला. त्याने त्याचा आकडा सांगितला. मी मधला सांगितला. तो पुन्हा तोच म्हणाला. मी चिडलो, उठलो, दारापर्यंत गेलो, मागे वळून पाहिलं, तर तो आपला पाना पुसत बसला होता. "अरे, थोडं तरी खाली ये!" तर म्हणतो, "काटा जिथं हाय तिथं हाय. मी ढकलून काय होनार?" त्या माणसाशी मी आयुष्यात एकदाही घासाघीस जिंकलो नाही. तो जिंकला असंही नाही, कारण तो ती करतच नसे.

आमची दोस्ती अशी जमली. पुढे त्याचा कारखाना बंद पडला, आणि तो शिरगावला घरी बसून लोकांची यंत्रं दुरुस्त करू लागला. त्याने लग्न केलं नाही. भाऊ नव्हता, बहीण गावातच सासरी. आई होती तोवर घरात तो आणि ती. आईचे डोळे गेले होते. कारखान्यात होता तेव्हाची गोष्ट आहे, तो तिच्या खाटेजवळ एक फोन लावून जायचा, माझ्याच लाईनवर, दिवसभर चालू. इकडे बोईसरला त्याच्या टेबलावर दुसरा फोन. म्हातारी एकटी बडबडायची, तो काम करता करता हूं हूं करायचा. एके दिवशी रस्ता खोदणाऱ्या मशीनने माझी वायर तोडली. हरेश्वरच्या फोनवर आवाज गेला, पण म्हातारीला ते कळलं नाही. ती बोलतच राहिली. त्याच्या बापाविषयी, कधी कुणाला न सांगितलेलं असं काहीतरी ती त्या दुपारी बोलली. संध्याकाळी तो घरी गेला तर ती म्हणाली, "बरं झालं बाबा, तू ऐकून घेतलंस. आता मला काय सांगायचं नाय ऱ्हायलं." आपण ऐकलंच नाही, हे त्याने तिला सांगितलं नाही. आणि ते काय होतं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. चार महिन्यांनी ती गेली.

हे त्याने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही मीच विचारलं म्हणून. तोवर त्याचा तो उद्योग सुरू झाला होता. उद्योग काय, तर यंत्रांचं आपसातलं असं बोलणं शोधणं की जे एक रस्ता तुटला तर दुसऱ्या रस्त्याने आपोआप जाईल. वायर गेली तर मोबाइलवरून, आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. मला वाटलं, हा आता वेडा होणार. तो म्हणाला, "नवीन काय शोधायचं नाय. शहान्या लोकांनी ते कवाच करून ठेवलंय. पडून हाय. कोन वापरत नाय."

का वापरत नाही, हे त्याने मला ज्या रीतीने समजावलं ते मी आजवर दहा इंजिनियरांना सांगितलं आहे आणि दहाही जणांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं आहे. शिरगावच्या बायका मासळीच्या टोपल्या टेंपोने पालघरच्या बाजारात धाडतात. प्रत्येकीची आपली खूण असते, लुगड्याच्या काठाची चिंधी कडेला बांधलेली. टेंपोवाला नाक्यावर सगळ्या टोपल्या आपल्या नावाने उतरवतो, पण कुठली चिंधी कुणाची हे डोक्यात ठेवतो, म्हणून संध्याकाळी रिकामी टोपली बरोबर ज्या त्या दारात येते. "तुझा राउटर म्हंजे तो टेंपोवाला," हरेश्वर म्हणाला. "घरातले सगळे फोन, टीव्ही, त्यांचं बोलनं तो आपल्या एका नावावर भायेर धाडतो, आन् उत्तर आलं का ज्याचं त्याला देतो. पन त्याला दोनच तऱ्हेच्या टोपल्या माहीत. खून कुठं बघायची ते त्या दोघींचंच ठावं. आता मी तिसऱ्या तऱ्हेची टोपली दिली. एक टेंपोवाला ती गटारात टाकून देईल. दुसरा खून न बदलता तशीच नेईल, ती गेली ती गेली. तिसरा आपला बिचारा पुढं धाडील. कोनता टेंपोवाला काय करतो, कुनी बघितलंय?"

कुणी बघितलं नव्हतं. निदान आमच्या भागात तरी नाही. राउटर बनवणारे म्हणतात, तिसरी टोपली कुणी वापरत नाही, मग आम्ही कशाला शिकवू. वापरणारे म्हणतात, राउटर नेत नाही, मग आम्ही कशाला वापरू. मी लगेच व्यापारी डोकं चालवलं. म्हटलं, "तुझी नवी टोपली जुन्या टोपलीच्या आत घाल, वर झाकण लाव. कुणाच्या बापाला कळणार नाही." तो हसला. त्याला हसताना मी फार वेळा पाहिलं नाही. "चालतं तसं. लोक तेच करतात. तुझं डोकं तेज हाय, वसंता. पन मंग टेंपोवाला तिसरी टोपली वळखायला कवा शिकनार?"

आणि तो निघाला. खांद्याला रेशनच्या दुकानातली असते तसली कापडी पिशवी, तिच्यात त्याने स्वतः जुळवलेला तळहाताएवढा डबा, दोन वायरी आणि लांबट वही. सरावलीतल्या चाळींमधून, माझ्या गिऱ्हाइकांच्या घरी. एक दिवस मी बरोबर गेलो होतो. एका खोलीत परप्रांतातले सहा कामगार राहत होते, त्यातला एक पालथा पडून मोबाइल बघत होता. तो म्हणाला, "चाचा, बिजलीवाले हो क्या?" हरेश्वर म्हणाला, "नहीं, तुम्हारा नेट का डिब्बा देखने आया हूँ." "डिब्बा खराब है?" "वही तो देखना है." तो पोरगा उठून बसला. "और अगर खराब निकला तो?" "तो लिख लूँगा." "बस? ठीक नहीं करोगे?" हरेश्वर म्हणाला, "पहले लिखना पड़ता है, बेटा." मग तो भिंतीकडे तोंड करून पाच-सात मिनिटं बसला. डबा बाहेर काहीतरी धाडायचा, उत्तराची वाट बघायचा, हिरवा दिवा लागायचा किंवा लागायचा नाही. तो वहीत लिहायचा: घर कुणाचं. राउटर कुठला. पुढे एक रकाना, घरात माणसं किती. मग निकाल. मी विचारलं, माणसं कशाला मोजतोस, जनगणना आहे का? तो म्हणाला, "यंत्र बघायला गेलो का आजूबाजूचं सगळं लिवायचं. कशाचा उपयोग होतो ते आदी कळत नाय."

मी सगळ्या घरांत एकाच जातीचे राउटर लावले होते. एका कंपनीचा उरलेला माल मी एकदम उचलला होता, आणि तो भाव कसा पाडला याची गोष्ट मी तेव्हा भेटेल त्याला सांगत असे. तर ते राउटर तिसऱ्या जातीचे निघाले, पुढे धाडणारे. दिवा हिरवा लागायचा. सरावलीत लागला, माझ्या घरी लागला, शिरगावला त्याच्या स्वतःच्या घरी तर महिनोन् महिने लागत होता. एके दिवशी त्याने माझ्यासमोर आपली वायर उपटली. डब्यातून चालू असलेलं बोलणं क्षणभरही न थांबता मोबाइलच्या रस्त्याने पुढे गेलं. वायर परत लावली, परत वायरीवर आलं. मी तीस वर्षं वायरी जोडतो आहे. तुटलेली वायर म्हणजे शिव्या, फोन, रिक्षातून शिडी नेणं. त्या दिवशी पहिल्यांदा तुटलेल्या वायरीने कुणाचंच काही बिघडलं नाही.  हरेश्वर वायरीचं टोक हातात धरून नुसता बघत होता. त्याच्या मनात काय होतं ते मला कळलं, पण त्या खाटेकडे बघायचं धाडस झालं नाही.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. वसाहतीतल्या डझनभर छोट्या कारखानदारांना एक व्यवस्था हवी होती. प्रत्येक युनिटमध्ये गॅस गळतीची एक घंटा आणि आगीची एक घंटा. दोन्हींचा इशारा फाटकावरच्या चौकीत पोचला पाहिजे, वायर तुटली तरी. मला कळल्यावर मी जाऊन सांगितलं, माझ्याकडे अशी वस्तू आहे जी सबंध जिल्ह्यात कुणाकडे नाही. पंधरा दिवस मी त्या लोकांशी बोलणी केली. ते काम मिळालं असतं तर मी घरगुती केबलवाला राहिलो नसतो. शेवटच्या बैठकीला मी हरेश्वरला बरोबर नेलं. तो डबा टेबलावर ठेवून बसला, मी बोललो, वायर उपटून दाखवली, सगळे वाहवा करू लागले. मग एका म्हाताऱ्या कारखानदाराने सहज विचारलं, "हे एका डब्याचं झालं. आमच्याकडे दोन घंट्या आहेत, एकाच राउटरच्या मागे. दोन्ही एकदम वाजल्या तर?" मी तोंड उघडणार तेवढ्यात हरेश्वर म्हणाला, "एकीचंच उत्तर येतं. दुसरीचं येत नाय."

 तो शांतपणे सांगत होता. हा राउटर नवी टोपली पुढे धाडतो खरी, पण तिची खूण त्याला वाचता येत नाही. घरातून अशी टोपली धाडणारा एकच असेल तर रिकामी टोपली त्यालाच देतो. दोघं असले तर दोघांच्याही टोपल्या एकाच्याच दारात टाकतो. यावर इलाज आहे, पण राउटर बदलावे लागतील, महिनाभर तपासावं लागेल. कारखानदारांनी माना हलवल्या, आभार मानले, आणि काम दुसऱ्याला दिलं.

जिन्यात मी त्याला धरलं. मला राग आला की माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो, हे बोईसरात सर्वांना माहीत आहे. मी म्हटलं, "माझ्या भाकरीवर माती टाकलीस! मला बाजूला घेऊन सांगता येत नव्हतं?" तो वायर गुंडाळू लागला. ते बघून मला आणखी राग चढला. आणि मी म्हणालो, "तुझ्या घरी चालतं ना? मग झालं! तुझ्या घरात दुसरं कुत्रंसुद्धा नाही. तुला काय करायचंय दुसऱ्याचं येतं का नाही येत?" वरच्या पायरीवर ते कारखानदार उभे होते. हरेश्वर वायर गुंडाळत होता, तळहाताला वेढे देत, त्याच्या पद्धतीने, एकही पीळ न पडता. गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "ते खरं हाय." आणि पिशवी खांद्याला लावून उतरून गेला.

ते आमचं शेवटचं बोलणं.

मी फोन केला नाही. का करू? चूक त्याची होती. मी वाट बघत होतो, त्याचा फोन येईल. त्याचं घर माझ्याच लाईनवर होतं आणि समुद्रकाठची लाईन वरचेवर तुटते, खारी हवा जोड खाऊन टाकते. कधीतरी त्याची लाईन जाईल, तो तक्रार करेल, मी स्वतः शिडी घेऊन जाईन, मग बोलणं होईलच, असा माझा हिशेब होता. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, हे मी आयुष्यभर पाळलं आहे. सव्वा वर्षात त्या लाईनवर शेजारपाजाऱ्यांच्या तक्रारी आल्या. त्याची एकही नाही.

तेरावं झाल्यावर जयवंतीबायने मला बोलावून घेतलं. ती आता त्या घरात राहायला आली आहे. म्हणाली, "तुजं काय तरी फडीवर दिवा मारत बसतंय. मी हात नाय लावला. आन् या वह्या बघ, मला अक्षर लागत नाय." आईच्या खाटेच्या जागेवर आता एक टेबल होतं. वरच्या फळीवर बिस्किटांच्या पत्र्याच्या उघड्या डब्यात, खाऱ्या हवेपासून वाचवायला पातळ फडक्यात गुंडाळून, तो त्याचा डबा. हिरवा दिवा लागला, विझला. मी टेबलाशी बसून वही उघडली.

आधी वाटलं, एकच वही दोनदा लिहिली आहे. तीच घरं, तोच क्रम. मग लक्षात आलं, पहिली फेरी एका डब्याची होती, दुसरी दोन डब्यांची. पहिल्या फेरीच्या शेवटी एक पान होतं, जवळजवळ कोरं, त्यावर फक्त चार ओळी. "माणसांचा रकाना वाचला. सहा, चार, नऊ, अकरा. सगळ्या वहीत 'एक' हे एकच घर हाय, माझं. मी एकट्याच्या घराची परीक्षा सगळ्यांना लावली. परत सगळी घरं करायची." आणि त्याने ती केली. चाळीस घरं. दुसरा डबा जुळवून, पायी, पुन्हा त्याच चाळींतून, पुन्हा "बिजलीवाले हो क्या" ऐकत. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याची चूक कुणाला दिसलीही नसती. हिरवा दिवा लागला की मी जाहिरात छापायला धावलो होतो, आणि हा माणूस हिरव्या दिव्याकडे बघून विचारत होता, हा कुणासाठी लागला.  बायने पुढ्यात ठेवलेला चहा गार होऊन गेला.

मग माझ्या घराचं पान आलं. दुसऱ्या फेरीतलं, बैठकीच्या तीन दिवस आधीचं. "वसंताचं घर. माणसं अकरा. दोन्ही डबे लावले. दुसऱ्याचं येत नाय. हापिसात सांगायला गेलो. गिऱ्हाईक होतं. नंतर बोलू म्हनाला. तासभर बसलो. गिऱ्हाईक गेलं नाय."

मला आठवलं. त्या दिवशी जुन्या खांबांच्या सौद्यात एक जण माझ्याकडे बसला होता आणि मी त्याला सोडायला तयार नव्हतो. दाराशी कापडी पिशवी दिसली होती. मी न बघताच हात केला होता… नंतर. मग खांबांच्या भरात विसरून गेलो. सव्वा वर्ष मी लोकांना सांगत फिरलो की त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं नाही. तरीही माझं म्हणणं आहे की त्याने मध्ये घुसून, माझी कॉलर धरून सांगायला हवं होतं. पण कॉलर धरणारा माणूस चाळीस घरं दोनदा फिरला नसता, हेही मला कळतं.

त्यानंतरची पानं आमच्या अबोल्यातली होती. आठवड्याला एक ओळ. "वसंताची लाईन. गेलं. आलं." "वसंताची लाईन. गेलं. आलं." मध्येच, "दुपारी लाईन तुटली. मोबाइलवरून गेलं. काय कळलं नाय. संध्याकाळी वसंताच्या मानसांनी जोडली, जोड चांगला हाय." म्हणजे त्याची लाईन तुटत होती. पाच वेळा तुटली होती. मी ज्या तक्रारीची वाट बघत बसलो होतो ती त्याच्या डब्याने येऊच दिली नव्हती. मी वही टेबलावर आपटली. जयवंतीबाय आतून म्हणाली, "काय झालं रे?" मी म्हटलं, "तुझा भाऊ, बाय… तक्रार करायला नको होती का त्याने!" ती दारात येऊन उभी राहिली. "त्याला कसली तक्रार? सारकं सांगायचा, वसंताची लाईन झकास हाय."

दुसऱ्या फेरीत एका पानावर दोन्ही निकालांपुढे 'आलं' लिहिलेलं होतं. सरावलीतल्या एका शिंप्याचं घर, माणसं सात. तिथे माझ्या त्या एकगठ्ठा मालातला राउटर नव्हता, त्याआधीचा एक जुना काळा राउटर होता. भंगारात जायचा तो बदलायचा राहून गेला होता. त्या एकाला नव्या टोपलीची खूण वाचता येत होती. मी दुसऱ्या दिवशी नवा राउटर घेऊन शिंप्याकडे गेलो. म्हटलं, हा घे, तो दे. त्याची बायको शिलाई थांबवून माझ्याकडे बघू लागली. "सेठ खुद चलके आये? पुराने के बदले नया? कुछ तो गड़बड़ है." मी सांगितलं, काही गडबड नाही. ती म्हणाली, "तो फिर तीन महीने का बिल भी माफ करो." मी तिच्याशी घासाघीस केली नाही. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

गेल्या रविवारी मी शिरगावला जाऊन तो काळा राउटर हरेश्वरच्या भिंतीवर लावला. दुसरा डबा त्याच्या कपाटात सापडला, वायर तळहाताएवढ्या वेढ्यांत गुंडाळलेली. ती सोडवायला हात होईना. शेवटी सोडवली. दोन्ही डबे फळीवर शेजारी ठेवले. पहिल्याचा हिरवा दिवा लागला. दुसऱ्याचा लागला नाही. मी मिनिटभर थांबलो, शिवी हासडली, वायरी तपासल्या. जयवंतीबाय पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली. "ते दोगं कुनाशी बोलतात रे?" म्हटलं, "कुणाशी नाही. बाहेर जाऊन परत येतात, एवढंच." "मंग तो दुसरा का गप हाय?"  दुसऱ्या डब्याचं बटण बंद करून चालू केलं, आणि फळीचा कोपरा धरून उभा राहिलो. मला स्वतःची लाज वाटेल इतकं ते मला हवं होतं. मग दुसऱ्याचा दिवा लागला. पहिला विझला नाही.

मी वही काढली. त्याच्याच पेनने लिहिलं: घर हरेश्वरचं. राउटर जुना काळा. तिसऱ्या रकान्यापाशी हात थांबला. बाय वाकून बघत होती, तिला अक्षर लागत नव्हतं. "काय लिवतोस?" मी म्हटलं, "घरात माणसं किती, ते." ती म्हणाली, "मी एकटीच की."

मी हरेश्वरलाही धरून 'दोन' लिहिलं. पुढे लिहिलं, दुसऱ्याचं आलं. मग राउटर बदलून परत सगळी घरं करायची म्हणून सरावलीतल्या पहिल्या घराचं नाव नव्या पानावर उतरवून घेतलं आणि पिशवी खांद्याला लावली. दोन्ही डबे मी तिथेच ठेवले आहेत, फेरीसाठी तसलेच दुसरे जुळवतो आहे. जयवंतीबाय म्हणते, राहू दे, घरात कुणी तरी जागं असल्यासारखं वाटतं.